तिसऱ्या मात्रेचा पाय

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की आठही अंगं एकदम टेकवता येत नाहीत. पाच टेकवली, तीन मनातल्या मनात.) तुझा खोकला आता कसा आहे? सकाळचं गरम पाणी चालू आहे ना? मी खुशाल आहे आणि नोकरीतही आहे. माझ्याबाबतीत या दोन गोष्टी एका वाक्यात आल्याचं आपल्या घरात कुणी ऐकलं नसेल, म्हणून वाक्य पुन्हा एकदा वाच, मी थांबतो.

नोकरी कशी लागली ते सांगतो. छापखाना सोडल्यावर (सोडला म्हणजे मालकांनी सोडायला सांगितला, कारण मी लग्नपत्रिकेत वधूचं नाव वराच्या जागी टाकलं, तरी लग्न झालंच म्हणे) मी बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली होतो, पण ती बोट कधी हललीच नाही, ती एक वेगळीच गोष्ट आहे. तर एका दुपारी पंख्याखाली बसावं म्हणून मी इथल्या वाचनालयात शिरलो. फळ्यावर कागद होता: ‘ज्येष्ठांच्या वर्गास ताल, पदन्यास व अंगचलनाची प्राथमिक ओळख करून देणारा शिक्षक पाहिजे.’ ग्रंथपालबाईंनी विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, आत्याकडे सात वर्षं. हे खोटं नाही. तू मला तिसऱ्याच दिवशी नाचाच्या वर्गातून काढलंस, हे त्यांनी विचारलं नाही. पुढची सात वर्षं मी स्वयंपाकघराच्या दारातून तुझा वर्ग पाहिला, आणि तिथून तुझी फक्त पाठ दिसायची. त्यामुळे मला तुझी सगळी विद्या येते, पण मागून.

म्हणून मी शिकवतोही तसाच, वर्गाकडे पाठ करून. तोंड फिरवलं की माझा डावा-उजवा पळून जातो. वर्ग वरच्या मजल्यावर आणि खाली वाचक, तेव्हा पाय आपटायचा नाही ही पहिली अट. वर्गात अकरा जण. पुढे निवृत्त वाहतूक हवालदार, ते हात पसरायला सांगितलं की तळवा असा उभा करतात की मागची रांग आपोआप थांबते. त्यांच्या शेजारी नर्सबाई, त्या मात्रा मोजताना स्वतःचं मनगट धरतात. मी त्यांना आधी श्वास शिकवला, मग ‘सा’ धरायला (पेटीची ‘सा’चीच पट्टी मुकी आहे, ती आम्ही समजून घेतो), मग टाळी, मग एका पायावरचं वजन दुसऱ्यावर कसं न्यायचं ते. आणि मग तुझं ते पाऊल. एक, दोन, तिसऱ्याला उजवा पाय किंचित ओढून आणायचा, चार.

दाराशी खुर्चीवर एक शिंपीमास्तर बसायचे. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा पाय तेव्हापासून मागे राहतो. हाच पाय मशीनवरचा, म्हणून दुकानही बंद. मी नुसता ऐकायला येतो, असं म्हणायचे. हे पाऊल शिकवलं त्या दिवशी ते उठले, भिंतीला हात लावून रांगेत आले, आणि सगळ्यांत आधी त्यांनाच जमलं. बघतो तर काय! तिसऱ्या मात्रेची ती ओढ इतकी तंतोतंत तुझ्यासारखी की मी वर्ग थांबवून म्हटलं, मास्तरांचं बघा, असं हवं, तुमचा पाय नुसता पडतोय. त्यानंतर मास्तर पहिल्या रांगेत. त्यांच्या घरच्या काकू सांगत होत्या, महिनाभरात दुकानाचं कुलूप निघालं, आता ते रोज दोन तास दुकानात बसतात.

इथवर सगळं छान होतं. गेल्या सोमवारी वाचनालयांचे वर्ग बघणाऱ्या तपासनीसबाई आल्या. स्वतः नाच शिकलेल्या, मान अगदी ताठ. दोन फेऱ्या पाहिल्या आणि विचारलं, “या सगळ्यांचा एकच पाय कसा दुखतो?”

मी म्हटलं, आमच्या घरची चाल आहे ती. त्या म्हणाल्या, “ही चाल नाही, ही खोड आहे. पुढच्या महिन्यापर्यंत सरळ करा, नाहीतर मी दुसरा शिक्षक पाठवते. किंवा तुमच्या गुरूंचं लेखी आणा.”

आणि त्याच संध्याकाळी घरून दादाचं पत्र. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वीस वर्षांचं दुखणं गेलं. आत्या, मी ते पत्र तीनदा वाचलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी त्याला कला समजत होतो. दादा लिहितो, तू पोरींना दर वेळी बजावायचीस की मी करते तसं नको, मी सांगते तसं करा. दारात कुकरच्या शिट्ट्यांत ते मला कधी ऐकूच आलं नाही. वीस वर्षं दुखत होतं आणि तू एक वर्ग चुकवला नाहीस, आणि मी मात्र त्या दुखण्याचे धडे देत बसलोय. त्या रात्री जेवण गेलं नाही. (थोडं गेलं.)

दुसऱ्या दिवशी पाऊल सरळ करून पाहिलं. कुणालाच येईना. हवालदारकाका म्हणाले, “अहो, आता मी भाजी आणायलासुद्धा असाच जातो. घरात विचारतात, काटा रुतलाय का?” मास्तर मात्र परत खुर्चीकडे गेले. वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, “सरळ करा गुरुजी, नोकरी जाईल तुमची. मी आपला बसून ऐकीन. पण एक सांगतो, तुमचे दोन्ही पाय सारखे आहेत, पायजम्याचं माप घेणाऱ्याला हे लगेच कळतं. माझ्यासाठी तुम्ही अख्खा वर्ग लंगडा केलात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोललं नाही एवढंच.”

खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी ते मिटलं. मला आजवर पुष्कळांनी वाईट समजून हाकललं, त्यातल्या बऱ्याच वेळा ते बरोबर होते. चांगलं समजायची चूक पहिल्यांदाच कुणीतरी केली आहे. आणि मास्तर पुन्हा खुर्चीवर बसले तर दुकानालाही पुन्हा कुलूप लागेल. बाकी सर्व ठीक. दादाला नमस्कार, खोकल्याला जप.

तुझा,
(मागून शिकलेला) भाचा

ता. क. : दोन ओळी लिहून पाठवशील का, की तिसऱ्या मात्रेला पाय ओढणं ही तुझ्याच वर्गाची पद्धत आहे?

ता. क. २ : घाई करू नकोस. त्या दोन ओळी मी कालच तुझ्या नावाने लिहून दिल्या. सही बरी जमली आहे. तू फक्त नाही म्हणू नकोस.

ता. क. ३ : तपासनीसबाईंना ते पत्र फार आवडलं. त्या येत्या गुरुवारी अकरा वाजता स्वतः तुझ्याकडे येणार आहेत, ही चाल मुळातून बघायला. गुडघा बरा झाला, तू सरळ चालतेस, याचा मला अतिशय आनंद आहे. पण गुरुवारी दार तूच उघड, आणि दारापासून खुर्चीपर्यंत तेवढं जुनं पाऊल टाक. विसरली असशील तर काळजी नको, मी बुधवारीच येतो आणि शिकवतो.