ठकीच्या नावाचा केक

५ नोव्हेंबर

प्रिय ठकी,

नेहमीचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, पण कागदावर काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. पुडी सोडली की आतला खाऊ राहायचा बाजूला, आधी पुडीचा कागद वाचायचीस. म्हणून हे पत्र.

इकडे ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि ते गुडघ्याहून जास्त. प्रयोगशाळेत नेहमीचंच. बाटल्यांतून शहरभरचं पाणी येतं, मी तपासते, ‘पिण्यायोग्य’ किंवा ‘अयोग्य’ लिहून सही करते. आईविषयी लिहायचं नाही असं तू बजावलं होतंस, म्हणून लिहीत नाही. ती आता जिना उतरत नाही, एवढंच.

पत्राचं कारण हसण्यासारखं आहे. या वयात मी केक करायला लागले आहे. तुझ्या दुकानात असतो तो, मेपल सिरपचा, अक्रोड घातलेला, तसा जमतो का बघावं म्हटलं. साखर काढली आणि तिच्याइतकंच सिरप ओतलं. वरून विटेसारखा लाल झाला आणि मध्ये सुरी घातली तर चिखल. भावोजी म्हणाले, “टाळूला असा चिकटतो की माणसाची बोलतीच बंद. तुझ्या साहेबांना नेऊन दे.” दुसऱ्या खेपेला ओव्हन वाढवला, तर वीट काळी पडली आणि चिखल जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला गोडी पोचत नाही म्हणून सिरप वाढवलं, तर स्वारी बसलीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही माझी खोड तुला ठाऊक आहे, पण कुठली बदलायची तेच मला उमगत नाही.

तेव्हा रागावली असलीस तरी एवढं सांग. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

आणि हो, तुझे ते खाकी खोके, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले, ते कुठे मिळतात? सहज विचारते.

तुझी
ताई

२४ नोव्हेंबर

प्रिय ठकी,

तुझं उत्तर मिळालं. खोक्याच्या झाकणाचा फाडलेला पुठ्ठा, ना ‘प्रिय’, ना सही. “एक वाटी साखरेच्या जागी पाऊण वाटी सिरप. सिरप पातळ असतं, म्हणून दूध तीन चमचे कमी. चिमूटभर सोडा. ओव्हन मंद, सिरप लवकर लाल होतं. खोके घाऊक येतात. तुला कशाला हवेत?” एवढंच. तरी मी तो पुठ्ठा पुन्हा पुन्हा वाचला. तुझा ‘ळ’ अजून तसाच आहे, पोट सुटलेला.

केक शिजला. आतून बाहेरून एकसारखा. भावोजींनी उठून टाळ्या वाजवल्या आणि गुडघा धरून बसले. पण तो तुझा झाला नाही. आईने बोटाने दाबला आणि म्हणाली, “हा लगेच उसळतो. ठकीचा सावकाश वर येतो, झोपेतून उठल्यासारखा. आणि तिचा रवाळ असतो. हा कापूस.”

बघ, लिहायचं नव्हतं आणि लिहिलं. खोडत नाही. जे खोडलं ते माणूस जास्त निरखून वाचतं.

पण मला नवल वाटतं ते याचं. तुझा केक तिने एकदाच खाल्ला, दुकान सुरू झालं त्या दिवशी, एकच तुकडा. आणि लगेच पाहुण्यांसमोर म्हणाली, “एवढी शिकवली ती काय भट्टी फुंकायला?” तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू हातातली सुरी खाली ठेवलीस, पुसून ठेवलीस, आणि म्हणालीस, “आई स्वतः होऊन माझ्याशी बोलेपर्यंत माझ्या हातचं काही तिच्या तोंडात जायचं नाही.” मी तुला तेव्हा हट्टी म्हणाले. तुझ्या जागी मी काय केलं असतं, ते अजून मला ठरवता येत नाही. पण त्या एका तुकड्याची चव तिने इतकी वर्षं जपून ठेवली आहे, हे मला आत्ता कळतंय.

असो. रवाळपणा कशाने येतो? आणि सिरप न वाढवता गोडी कशी पोचवायची? वाढवलं की केक बसतो, कमी केलं की आईचं तोंड वाकडं. आणि दोऱ्याची ती गाठ, जी एका टोकाने ओढली की सुटते, ती कशी घालतेस तेही कळव.

तुझी
ताई

१९ डिसेंबर

प्रिय ठकी,

आशीर्वाद आज आधी देत नाही. माझे घ्यायचे की नाही, ते पत्र संपल्यावर तू ठरव.

तुझा दुसरा पुठ्ठा येऊन बरेच दिवस झाले. “मैद्यातला मूठभर काढून अक्रोडाचा जाडसर कूट घाल. घोटू नकोस, नुसतं एकत्र कर. सिरप आत आणखी कमी कर आणि केक गरम असतानाच वरून ब्रशने लाव. जिभेला आधी वरचं लागतं, मग सगळंच गोड आहे असं तिला वाटतं. चिमूटभर मीठ विसरू नकोस.” मग गाठीचं छोटंसं चित्र. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने, “आई कधी काही बोलली का माझ्याविषयी?”

मी वरचं सगळं तंतोतंत वापरलं. खालच्या ओळीला उत्तर दिलं नाही. ते आता देते.

दिवाळखोर माणूस जसा दुसऱ्याच्या पेढीचा शिक्का मारून व्यवहार करतो, तसं मी केलं आहे. उपमा पुरे, सरळ सांगते. आईचं हृदय दमलं आहे, असं डॉक्टर म्हणाले त्याला तीन महिने होतील. तिचं खाणं तुटलं. एका दुपारी म्हणाली, “ठकीचा केक खावासा वाटतो ग. पण ती कशाला पाठवेल?” माझ्या तोंडून निघून गेलं, “पाठवेल की. मी कळवते.” तुला कळवण्याची माझी छाती झाली नाही. तू नाही म्हटलं असतंस आणि ते बरोबर असतं. म्हणून मी खाकी पुठ्ठा आणून खोका केला, दोरा बांधला आणि आत माझा केक ठेवून तिला म्हणाले, “ठकीने पाठवलाय.”

तिने घास घेतला आणि म्हणाली, “हा तिचा नाही. चल, लबाड.”

दर खेपेला हेच. मी म्हणायची, प्रवासात बसला असेल, नवीन बाटलीतलं सिरप असेल. ती हसायची, ताटली सरकवायची आणि म्हणायची, “त्यापेक्षा तिला फोन लाव. मला बोलायचंय. आज नको, उद्या.” उद्या उद्या करत होती, पण जवळ येत होती, ठकी. एकदा तर फोनवर बोलायचं म्हणून केस विंचरून, धुतलेली साडी नेसून बसली. भावोजी म्हणाले, “आई, फोनमध्ये दिसत नाही हं.” ती म्हणाली, “मला दिसतं ना.” मग दम लागला आणि राहिलं. “रविवारी नक्की,” म्हणाली.

शनिवारी तुझ्या सांगण्याबरहुकूम केलेला केक उतरला. वरून ब्रश फिरवला तेव्हाच मला कळलं की साधला. खोका सोडून तिच्यापुढे ठेवला. तिने बोट दाबलं. तो सावकाश, अगदी सावकाश वर आला. ती बघत राहिली. मग एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि रिकाम्या खोक्याकडे बघत काही बोलली. ते खाली लिहिते. शेवटी म्हणाली, “पाठवला तिने. म्हणजे राग गेला.”

रविवारी मी फोन तिच्या हातात दिला, तर तो तिने उशीखाली सारला. “आता कशाला? केक आला, त्यात सगळं आलं. दुकानात गर्दी असेल, उगाच तिचा खोळंबा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. केक बिघडत होता तोवर ती तुझ्याकडे सरकत होती. तो जमला आणि ती थांबली. माफ करायचं की नाही हे तुझं होतं. मी ते तुझ्या नावाने करून टाकलं, आणि तिचं बोलणं, ज्यासाठी तू इतकी वर्षं थांबलीस, तेही ऐकून मीच घेतलं. हे तिच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते. पण तो केक सावकाश वर आला तेव्हा मला आनंद झाला तो तिच्या भुकेचा नव्हता. ‘आज ओळखता आलं नाही हिला,’ असा होता. रोज दुसऱ्यांच्या पाण्यावर शिक्का मारणाऱ्या बाईने आपल्या घरात काय मिसळलं, ते बघ.

तरी मी गप्प राहिले. तुझी ती खालची ओळ स्वयंपाकघरात ओट्यावर समोर होती, आणि ती दिसू नये म्हणून मी पुठ्ठा उलटा केला. काल संध्याकाळी मात्र आई भावोजींना सांगत होती, “ठकीला आधीपासून माया आहे हो, दाखवत नाही.” मला ते ऐकवेना. मी तिला सांगितलं.

“कुणी केला?”

“मी.”

“खोका?”

“तोही मीच.”

“गाठ?”

“ठकीने शिकवली. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं.”

तिने चादरीची कड दुमडली. मग म्हणाली, “म्हणजे मी जे बोलले ते तुला बोलले.”

“हो.”

“फुकट गेलं मग.” आणि भिंतीकडे तोंड केलं. रात्रभर माझ्याशी अबोला. सकाळी चहा दिला तर भावोजींना म्हणाली, “तुमच्या बायकोला सांगा, साखर कमी आहे.” ते बाहेर गेल्यावर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तिला लिही. मी काय बोलले ते लिही. परत बोलायला मला जमणार नाही, असलं एकदाच जमतं. पण गोड करून लिहू नकोस. तुला तीच खोड लागलीये.”

तिने ओळखलं बघ. तिने सांगायच्या आधीच, रात्री, मी एका कागदावर लिहिलं होतं, “आई म्हणाली, ठकी, मला माफ कर.” तो कागद फाडला. ती तसं म्हणाली नाही. शनिवारी त्या रिकाम्या खोक्याला ती जे म्हणाली ते हे:

“तुझे हात भाजलेले होते. सगळ्यांनी केक बघितला, मी हात बघितले. ते मला बघवले नाहीत म्हणून बोलले, आणि बोलले ते भलतंच. चांगला होता केक. दुसरा तुकडा मागायची लाज वाटली.”

एवढंच. यात मी काही घातलं नाही, काही कमी केलं नाही. हे तुला पुरेल का, मला माहीत नाही. न पुरलं तर ते तसंच असू दे. यावेळी तुझ्या वतीने मी काही ठरवणार नाही.

आज दुपारी ती म्हणाली की तीच तुझ्या दुकानात येते. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, “ज्यांना भेटायचंय त्यांना इथे बोलवा. लवकर.”

ये, ठकी. माझ्यावर रागावून ये, माझ्याशी बोलू नकोस, पण ये. केक आणायची गरज नाही. तिने खोका दाराबाहेर ठेवायला लावला आहे, आणि विंचरायचा कंगवा उशाशी घेतला आहे.

या खेपेला फक्त माझ्याच नावाने,

ताई