थॉर्नलींची शेवटची किटली

१४ जानेवारी, निझवा
थॉर्नली वैतागले. "चाळीस वर्षं चांदी ठोकतोय. आता माझ्या किटलीचा एक्स-रे?" एक्स-रे नाही, फक्त जाडी मोजते — सांगितलं. यांची भांडी लंडनच्या संग्रहालयांत आहेत. ही कहव्याची किटली शेवटची, आमच्या मस्कतच्या प्रदर्शनासाठी. ती घडताना मोजमापं घ्यायची, एवढंच माझं काम.

१९ जानेवारी
किटलीच्या खांद्यापाशी, गळ्याच्या जरा खाली, ०.४ मिलिमीटर. बाकी सगळीकडे ०.९. यंत्र पुन्हा तपासलं. यंत्र बरोबर आहे.

२० जानेवारी
चांदी आतल्या ऐरणीला टेकलेली असली की ठोका खणखणीत वाजतो, नसली की बद्द. चांदीकाम कानाने करायचं — हे त्यांनीच मला शिकवलं. आज बद्द आवाज येत होता आणि ते ठोकतच होते. तीच जागा, पुन्हा पुन्हा.
खैरुन्निसाबाजी त्यांचं घर बघतात. चहा ठेवताना हळूच म्हणाल्या, "फोन की घंटी भी नहीं सुनते, बेटी. पर तू मत बोलना. काम छूटा तो ये नहीं बचेंगे."
हळू कशाला बोलल्या? ते शेजारीच बसले होते. त्यांना काहीच कळलं नाही.

२१ जानेवारी
प्रदर्शन लेस्ली सरांकडे आहे. फोन केला. "अगं, तू जाडी मोज ना! कानाची डॉक्टर कधी झालीस? ओपनिंग होऊन जाऊ दे, मग बघू."
आणि त्याआधी चांदी फाटली तर?
मी कुणाच्या भानगडीत पडत नाही. पण आकडा दाबून ठेवणं मला जमणार नाही.

२३ जानेवारी
सांगितलं. आधी नेहमीच्या आवाजात — ऐकू गेलं नाही. मग ओरडून. आजवर कुणावर ओरडले नव्हते, आणि ओरडले काय, तर "पॉइंट फोर!"
बाजी दारात थिजल्या. थॉर्नलींनी किटलीच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. हातोडी खाली ठेवली. "गेट आउट."

२७ जानेवारी, रुवी, मस्कत
लेस्ली सर बोलत नाहीत. बाजी फोन उचलत नाहीत. माझं मोजमाप चुकलेलं नाही. त्याने बरं मात्र वाटत नाही.

५ फेब्रुवारी
निझव्याहून खोकं आलं. त्यात अर्धीच किटली! थॉर्नलींनी स्वतः करवतीने उभी कापली आहे. कापलेली कड लोकांसमोर ठेवा म्हणतात. खांद्यापाशी ती जाड कागदाएवढी पातळ उरते. तिथे लावायची पाटी त्यांनीच लिहून पाठवली आहे — "इथे मला ऐकू येत नव्हतं."