भरिताची पंगत आणि रूपाची चिप

तीर्थस्वरूप नानांना,

एरंडोलहून धाकट्या अभिमनचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. धुळ्याच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. (चालत असाल तर कोणत्या दिशेला चालता हेही कळवा. डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं आहे, भज्यांच्या गाडीपर्यंत नव्हे.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर माझ्या तिसऱ्या वाक्याला तुम्ही "तुले काय समजस!" म्हणता आणि विषय तिथेच आटोपतो. पत्राला मध्येच तोडायची सोय नाही.

आमची लेक रूपा महिनाभर घरूनच काम करते आहे. पुण्याच्या ज्या कंपनीत ती चिप आखते, तिथल्या साहेबांनी तिला ती जलद करायला चार आठवड्यांची मुदत दिली होती. जमलं तर काम तिचं, नाही तर ते दुसऱ्या गटाकडे आणि रूपा दुसऱ्यांच्या चुका तपासायला. पोरीचं जेवणाकडे लक्ष नाही म्हणून तुम्ही सुंदरवहिनींना पाठवलंत, हे फार बरं केलंत. अडचण काय, ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. (बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा थोडं समजलं असं धरून चाला.) फोटो पाहून पिकावरचा रोग ओळखणारं जे यंत्राचं डोकं तिच्या चिपवर चालतं, त्यात आकडे एका थरातून दुसऱ्या थरात जातात. जाता जाता काही आकडे बेफाम फुगतात, काही अगदी मरगळतात. म्हणून त्या सगळ्यांना एका मापात आणावं लागतं. त्यासाठी आधी सरासरी हवी, आकडे किती पसरलेत ते हवं, मग प्रत्येकातून सरासरी वजा करायची आणि पसाऱ्याने भागायचं. म्हणजे तेच आकडे साठवणीतून दोनदा आणायचे. गणिताला वेळ लागत नाही नाना, वेळ जातो तो हेलपाट्यांत. रूपाची मुदत त्या हेलपाट्यांतच चालली होती.

मी तिला ठणकावून सांगितलं, की सगळ्या मुलांचे पेपर तपासल्याशिवाय वर्गाची सरासरी निघत नाही आणि सरासरीशिवाय कोण किती मागे ते कळत नाही, दोन फेऱ्या अटळ आहेत. पोरगी परत आपल्या पडद्याकडे वळली. मला वाटलं, पटलं.

मग गेल्या रविवारी शेजारच्या नवलच्या पारोळा रस्त्यावरच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, सात घरच्या बायकांनी सात भगुणी भरीत केलं, आणि प्रत्येकीचा मिरचीचा हात वेगळा. एक भगुणं इतकं तिखट की वास आला तरी ठसका लागावा, दुसरं पथ्याचं. सगळ्या पंगतीला सारखं तिखट मिळावं ही जबाबदारी मी स्वतःहून घेतली. (कोणी दिली नव्हती, हे वहिनी सांगतीलच.) वही घेऊन भगुण्या-भगुण्याशी गेलो, चाखून दहापैकी गुण मांडले. चौथ्या भगुण्यानंतर जिभेने काम सोडलं आणि पुढच्या तिन्ही भगुण्यांना दहापैकी दहा पडले. सरासरी काढून दुसऱ्या फेरीला निघालो तर पंगत बसलेली, पुऱ्या गार झालेल्या, आणि नवल मला गणिताव्यतिरिक्त बरंच काही म्हणाला.

तेवढ्यात वहिनी उठल्या. म्हणाल्या, "भगुणं परत कसाले आणतस भाऊ? जाऊ दे पंगतमां. दही ताटमां टाकसूत." मी, नाना, सगळ्यांदेखत म्हणालो, "वहिनी, हे गणित आहे." त्या चुलीकडून पंगतीकडे जायच्या वाटेवर जाऊन बसल्या. प्रत्येक भगुणं समोरून जाताना बोटभर चाखलं, एकही थांबवलं नाही. शेवटचं गेलं तेव्हा एकंदर तिखट किती आणि कुठलं किती वाकडं, दोन्ही त्यांच्या डोक्यात तयार. मग वाढप्यांना सांगितलं, पहिल्या भगुण्याच्या ताटांत दोन पळ्या दही, तिसऱ्याला वरून ठेचा, बाकीची जाऊ द्या. पंगत सारखी जेवली. रूपा मात्र भरलं ताट सोडून उठली आणि माझीच वही ओढून लिहायला बसली.

तिने तेच केलं. आकडे जाताना एकीकडे त्यांची बेरीज, दुसरीकडे त्यांच्या वर्गांची बेरीज. दोन बेरजांतून सरासरी आणि पसारा दोन्ही निघतात. (हे सूत्र मीच बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आठवलं मात्र नाही.) आणि आकडे थांबवायचे नाहीत, पुढच्या थराचा गुणाकार होऊ द्यायचा, वजाबाकी-भागाकार शेवटी ताटात. हेलपाटा एकच. ही युक्ती जगात आधीच कुणी केली असेल, असं रूपाच म्हणते, पण तिच्या चिपमध्ये ती त्या मळ्यातून आली. सोमवारी साहेबांनी पाहिलं आणि काम तिच्याकडेच राहिलं. मला फार आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

वहिनी गुरुवारच्या एसटीने निघतात. चहा आयता मिळायचे तुमचे दिवस परत येताहेत.

तुमचा,
अभिमन

ता. क. : माझी वही नवलकडेच राहिली आहे. तो देत नाही.

ता. क. २ : पत्र खरं यासाठी. कंपनीचा एक कागद आहे, त्यात युक्ती कुणाची ते लिहायचं असतं. रूपाने स्वतःच्या नावाच्या वर वहिनींचं नाव घातलंय. पुढच्या रकान्यात विचारलंय, ही व्यक्ती काय काम करते. वहिनी म्हणाल्या, "काहीच नही, लिखी दे. माले काय समजस?" रूपाने लिहिलं नाही. तो रकाना कोरा ठेवून कागद याच पाकिटात घातला आहे. चाळीस वर्षं त्यांच्या हातचं जेवलात, तेव्हा तो तुम्ही भरा, आणि गुरुवारी स्टँडवर त्यांच्याच हातात द्या. मी भरला असता, पण त्या दिवशी मळ्यात "हे गणित आहे" म्हणालो तेव्हा मीही तुमचाच भाऊ निघालो.