चिंचेतला खिळा

चांदा, २८ मार्च १९५७

ती. सुगंधाबाईस धाकट्या लटारूचा शि. सा. नमस्कार.

इथी सारे खुशाल. कमळेले बाळंतपणाले कुरखेड्याले आणलं, वाचून बरं वाटलं. आता आजी होशील, मले दटावणं तरी कमी कर.

बाई, एक दुखणं आहे, पण माणसाचं नाई. पठाणपुरा दरवाजाबाहेरची मोठी चिंच वाळून राह्यली. चैत लागत आला तरी सडकेकडच्या फांद्यांवर पालवी नाई. ओव्हरसियर साहेब म्हणतात, पावसाआधी पाडा. सडकेचा मुकादम मी, म्हणजे कुऱ्हाड माझ्याच माणसांच्या हाती.

आपली आई बाळंतपणात अडून भरल्या पोटीच गेली, तवा ती घरी परतू नये म्हणून बापूनं याच चिंचेत मंतरलेला खिळा ठोकवला. तसे साऱ्या गावाच्या अशा बायांचे खिळे त्या चिंचेच्या अंगात आहेत. हाडात लोखंड घेऊन कोण जगते? रविवारी सारे उपटतो म्हणतो. तुझं म्हणणं कळव.

माया आहे तशीच ठेव.
लटारू


कुरखेडा, ६ एप्रिल १९५७

चि. लटारूस सुगंधाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र कमळेकडून नाई, शाळेच्या गुरुजीकडून लिहून घेतलं. तिच्या कानावर जाऊ नये.

खिळ्याले हात लावू नको गा! तू पाळण्यात होता, मी नऊ वर्सांची. खिळ्याचं ताट मीच धरलं होतं. खिळा मंतरणाऱ्या पुजाऱ्यानं बजावलं होतं, खिळा निघाला की ती भरल्या पोटाची बाई शोधत येईल. माझ्या घरात भरल्या पोटाची लेक आहे.

मागच्या रविवारपासून दिवेलागणीले उंबऱ्याशी कोणी उभं राह्यल्यावानी वाटते. काल कमळेनं विचारलं, घरात चिंच नाई तर चिंचेच्या पाल्याचा वास काऊन येते. तू खिळा उपटला तर नाई ना?

जीव टांगणीला आहे. लवकर लिही.
सुगंधा


चांदा, १६ एप्रिल १९५७

ती. बाईस शि. सा. नमस्कार.

बाई, तुझं पत्र येण्याआधीच खिळे निघाले. आईचा बुंध्याच्या गाठीजवळ होता, बापू सांगे तसा तांब्याचं कडं घातलेला. फडक्यात बांधून ठेवला आहे, पण घरात झोप येत नाई.

अन् खिळे काढूनही झाडाले पालवी काही फुटली नाई. गाडीची चाकं बनवणारे म्हातारे बाबूभाई येऊन बुंधा पाहून गेले. म्हणाले, “लटारू, खिळ्यानं झाड मरत नाही. तूच तिचा दम कोंडला.”

खरं आहे वं. मागल्या साली मीच बुंध्यापर्यंत गिट्टी दाबून डांबर ओतलं, नालीसाठी मुळं तोडली. साहेबानं शाबासकी दिली होती. चिंचेले मारलं मी, अन् आळ घातला मेलेल्या बायांवर.

काल घणानं डांबर फोडून बुंध्याभोवती मोठं आळं केलं. साहेब भडकले. मुकादमी गेली तर जाऊ दे, मी पाणी घालून राह्यलो. पण कमळेची काळजी लागली आहे. खिळा परत ठोकू का?

चुकलो असलो तरी अंतर देऊ नको.
लटारू


कुरखेडा, ९ मे १९५७

चि. लटारूस अनेक आशीर्वाद.

कमळेले पोरगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. तीन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले. दिवेलागणीले उंबऱ्याशी पुन्हा तोच वास आला. मले राहवलं नाई. रडत रडत म्हटलं, “आई, आलीच असशील तर आत ये वं.”

घटकाभरात पोरगी झाली. हात धुताना सुईण विचारते, कमळेची कंबर धरून बसलेली ती दुसरी बाई कोण. कमळेपाशी तर सुईण अन् मी, आम्ही दोघीच होतो.

एकतीस वर्सं आपण तिले भ्यालो गा. अडलेल्या बाईचे हाल तिच्याइतके कोणाले ठाऊक? खिळा ठोकू नको. झरपट नदीत सोडून दे.

बारशापासून मात्र उंबऱ्याशी कोणी नाई. मीच रोज दिवेलागणीले दार उघडून बसते. वास येत नाई. चिंचेकडंच परत गेली असेल. दुसरं घर आपण तिले ठेवलंच कुठी?

ते झाड पडू देऊ नको. दुसरं काही लिहू नको, पालवी आली का एवढंच लिही.

तुझी बाई,
सुगंधा