तिसऱ्या मिक्समधला श्वास

३ ऑगस्ट १९९९, मंगळवार
काल नोकरी लागल्याच्या आनंदात मी लिहिलं, की व्हेरोनिका हे गाणं तीनदा गायली. ते चूक आहे. ती दोनदाच गायली, म्हणजे टेक दोन. त्यांतले तुकडे जोडून केलेली मिक्स तीन आहेत.

एव्हरशाईन सिटीतला स्टुडिओ म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मालक फर्डिनंड अंकल. व्हेरोनिका त्यांची धाकटी बहीण. इंग्रजी ब्ल्यूज रॉक गायची, मागच्या वर्षी वारली. मिक्समधली कुठली ओळ कुठल्या टेकमधून उचललीय, हे कानाने ओळखून लिहायचं, हे माझं काम. अंकलनी विचारलं, एवढा कान कुठे तयार केलास? मी म्हटलं, घरीच, बाबांकडे. बाबांचा नियम आहे, ऐकताना सोबत गुणगुणायचं, नाहीतर सूर अंगात मुरत नाही. इथेही मी तेच करते. तिचा आवाज खरखरीत आणि फार सुंदर आहे.

५ ऑगस्ट, गुरुवार
तिसऱ्या मिक्सची शेवटची ओळ दोन्ही टेकांत नाही. पुन्हापुन्हा तपासलं. शब्द तेच, पण ओळीआधी नाकातून छोटासा श्वास. मिक्समध्ये आवाज मोठा करता येतो, घुमवता येतो; गाणारीचा श्वास बदलता येत नाही. आणि तो श्वास आमच्या घरचा आहे. बाबा, मी, धाकटी ऋतिका, तिघंही तसाच घेतो.

अंकलना सांगितलं. ते हसून म्हणाले, व्हेरो जन्मभर धापा टाकत गायली, आता शिकली म्हणायची!

७ ऑगस्ट, शनिवार
आज तिसऱ्या मिक्सच्या दोन कडव्यांत तोच श्वास. परवा नव्हता.

माझा वरचा सा लागत नाही. आईने हळद-दूध दिलं, म्हणाली, एसीत बसून घसा धरलाय. मला भीती वाटायला हवी. वाटत नाही.

१० ऑगस्ट, मंगळवार
आज न गुणगुणता, ओठ मिटून ऐकलं. उशीर झाला होता. अख्खं गाणं — खरखर तिची, सूर माझा.

घरी ऋतिकाला हाक मारली. नुसती हवा आली. ती म्हणाली, ए ताई, नाटकं पुरे हं.

११ ऑगस्ट, बुधवार
अंकलचा बाबांना फोन. मला विश्रांती, सोमवारपासून ऋतिकाला पाठवा. चौथं मिक्स करायचंय. बाबा खूश.

मी सगळं कागदावर लिहून दाखवलं. बाबा म्हणाले, धाकटीचं चांगलं होतंय ते बघवत नाही होय तुला?

स्टुडिओची किल्ली अजून माझ्याकडे आहे. टेप पुसली तर माझा आवाजही — असू दे. रविवारी अंकल चर्चमध्ये सणाच्या मिस्साला जातील, तेव्हा.

१२ ऑगस्ट
आत्ता जिन्यातून कुणीतरी ऋतिकाला हाक मारली. माझ्या आवाजात.

आले गं ताई, म्हणाली. चपला घालतेय. मी इथे, तिच्या समोर — तिने बघितलंच नाही —

रविवार नको. टेप आजच पुसायची. गुरुवार, १२ ऑग—