तुरीच्या ड्रमवरची योजना

केशोरी, १८ फेब्रुवारी

चि. अश्विन यास शालिकरामचा सप्रेम जयभीम. तुझी आणि स्नेहलची तब्येत बरी असेल. मी बरा आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझी ताई जाऊन महिना झाला. रडणे मला जमत नाही, राग मात्र येऊन राहिला आहे. ती अंगणवाडीत मदतनीस असताना सरकार बदलले की आहाराच्या योजनेचे नाव बदलायचे. जुन्या नावाचा माल बंद व्हायचा, नव्या नावाचा यायला दोन-तीन महिने लागायचे (पाटी आठवड्यात यायची). तोवर पोरांनी काय खावे, हे कोणत्याच कागदात नसे. म्हणून सुमनने घरटी एक पायली धुऱ्याबांधावरची तूर आपल्या पडवीतल्या निळ्या ड्रममध्ये जमवायला सुरुवात केली. चौदा वर्षे पोरांचे वरण चुकले नाही. ड्रमला नावच नव्हते, त्यामुळे तो कोणाला बंदही करता आला नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडल्या आणि आलेले पुढारी नेमके त्याच ड्रमवर बसले. झाकण तडकले. यात काय आहे, असे त्यांनी विचारले, तर गावातल्या सुकरामने (त्याला गप्प बसायला कोणी शिकवले नाही) सगळे सांगितले. पुढाऱ्यांनी बसल्या जागी 'सुमनबाई तूर योजना' जाहीर केली. आठ दिवसांत पत्र्याची पाटी दाराला लागली. तिच्यावरच्या फोटोत पुढारी ताटाएवढे, सुमन बटणाएवढी.

आता तुरी निघाल्या, तर मी पायली घेऊन घरोघर फिरलो. शेजारच्या सुशिलाबाई म्हणाल्या, "शालिकभाऊ, आता सरकारच देऊन रायलं, तं आमी काऊन द्याचं?" सगळ्या घरी हेच. ड्रमच्या तळाला चार बोटे तूर उरली आहे. सरकारची अजून दाणाभर आली नाही. उद्या सरकार बदलले की नाव पुसतील. एकदा गेलेल्या बाईला पुन्हा कशाला घालवता?

तुझा भाऊजी,
शालिकराम

ता. क. : योजनेची फाइल तुझ्याच टेबलावर आहे असे कळले. मंजूर करू नको, नामंजूरही करू नको (मोर्चा निघेल). हरवून टाक. माझी पेन्शनची फाइल तुमच्याकडे कोणी न सांगता दोनदा हरवली, ही तर मी सांगून राहिलो.

आणखी एक : पाटी परत मागवू नको. दारावरून काढून ड्रमवर झाकण म्हणून पालथी घातली आहे, बरोबर बसते. सुमनची नजर तुरीवर राहते. काल सुशिलाबाई आल्या. "पाटी नेली का जी सरकारनं?" म्हणाल्या. मी झाकण जरासे सरकवले. पदराआडची पायली काढून त्यांनी ड्रममध्ये ओतली.