देवत्व पावलेल्या मेंढीच्या डोक्यातील जंताबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, मौजे खडकसावरी,
ता. पूर्णा, जि. परभणी

विषय: अर्जदाराच्या घरची मेंढी देवाची नसून आजारी असल्याचे गावासमोर जाहीर सांगून तिला शस्त्रक्रियेसाठी परभणीस रवाना करणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराची तोंडी तक्रार, जी आपण चहा पिता पिता निकाली काढली.

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, अर्जदार चंद्रभान ढगे हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नी धुरपताबाई यांनी वाटेने जाणाऱ्या कळपातले, आई मेलेले एक कोकरू मागून घेतले व बाटलीच्या दुधावर वाढविले. तीच सदर मेंढी. घरात तिला साळू म्हणतात. आपल्याला तिचा लळा नाही, असे अर्जदार सर्वांना सांगतात. तरी तिच्यासाठी हरभऱ्याचे भुसकट चाळून कोण ठेवतो हे घरात ठाऊक आहे.

१. आषाढात साळू मान वाकडी करून गोल गोल फिरू लागली. दावे सुटले की ती देवळासमोरच्या पारापाशी जाई, कारण तिथे लिंबाचा पाला पडलेला असतो. गावाने तिला पाराभोवती फिरताना पाहिले आणि अक्कल गहाण टाकली. मेंढी म्हणे प्रदक्षिणा घालते! उजवीकडे फिरते हे तिचे नशीब. डावीकडे फिरली असती तर याच भाविकांनी करणी म्हणून तिला ओढ्यात लोटले असते.

२. सरपंच तात्याराव यांनी तिच्या अंगावर झूल घातली आणि तिला देवळापाशीच ठेवून घेतले. "लय जागृत हाय, नवसाला पावायलीय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांची बंद पडलेली बोअर चालू झाली, हा त्यांचा पुरावा. मिस्त्रीने मोटार बदलली होती, हे मिस्त्री सोडून सर्वजण विसरले आहेत.

३. परभणीच्या डॉक्टरांनी अर्जदारांच्या मोबाइलवरचे चित्रण पाहून सांगितले की, कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी गवतावाटे मेंढीच्या पोटात गेली आणि तिच्या मेंदूत पाण्याची पिशवी धरली. कवटी एका जागी मऊ लागत असेल तर पिशवी काढता येते व मेंढी वाचू शकते. उशीर झाला तर आंधळी होऊन मरते. धुरपताबाईंनी बोटाने चाचपून पाहिले. कवटी मऊ लागते. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

४. मेलेली मेंढरे ओढ्यात फेकायची, गावच्या कुत्र्यांनी त्यांची मुंडकी फोडायची आणि त्याच कुत्र्यांनी चराईच्या रानात घाण करायची, असा आपल्या गावचा कारभार आहे. कुत्र्यांना जंताचे औषध द्या म्हटले तर आपण म्हणालात, कुत्री ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायत म्हणाली, जंत दवाखान्याचे. कुत्र्यातून मेंढीत जाताना जंताने कोणत्याही कार्यालयाची परवानगी घेतली नाही, ही चूक अर्जदार त्याच्या वतीने कबूल करतात.

५. मागील सोमवारी आपण पारावर आलात. आपण तपासायला आलात, असे वाटून अर्जदार भाबडेपणाने पाण्याची बादली घेऊन धावले. आपण बूट काढले, नारळ फोडला आणि मेंढीच्या पाया पडलात! वर अर्जदारांच्या कानात, "श्रद्धेचा विषय हाय, आपुन कशाला मधी पडायचं?" असे सांगून निघून गेलात. नारळ फोडायला गावात पुजारी आहे. त्यासाठी शासनाने आपल्याला जनावरांचे डॉक्टर करण्याची गरज नव्हती. अर्जदारांना आपली लाज वाटली, कारण ती वाटून घ्यायला तिथे दुसरे कोणी नव्हते.

६. अर्जदारांनी टेम्पो आणला, तो पोरांनी अडवला. "देवाचं जनावर हाय, गावाबाहेर न्यायचं न्हाई." मेंढीला आता डाव्या डोळ्याने दिसत नाही. भिंतीला डोके टेकून ती उभी राहते, तर भाविक तिला समाधी लागली म्हणतात आणि तोंडात पेढे कोंबतात. काल धुरपताबाईंना आपल्याच मेंढीला पाणी पाजण्यासाठी रांगेत उभे राहावे लागले.

सबब, येत्या सोमवारी भर गर्दीत आपण पारावर उभे राहून एवढेच म्हणावे, की ही मेंढी आजारी आहे, वाट सोडा. गावकरी अर्जदारांचे ऐकत नाहीत, आपले ऐकतील. आपण पाया पडल्यापासून तर आपला शब्द फारच वजनदार झाला आहे.

आपण न आल्यास मंगळवारी पहाटे अर्जदार स्वतःच्या मेंढीची चोरी करणार आहेत. गुन्ह्यात त्यांचे नाव घालण्यास त्यांची हरकत नाही. धुरपताबाईंचे मात्र घालू नये. त्या नुसत्या पुढे चालतील. मेंढी त्यांच्या मागे येईल.

आपला, अजून तरी नम्र,
चंद्रभान ढगे
दि. २८ ऑगस्ट २०२४

सोबत: परभणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
प्रत: पोलीस पाटील, मौजे खडकसावरी (तपासाचा त्रास वाचावा म्हणून).